कॉबिंगचं 'टी' अक्षर बसवताना

लंडनमधल्या आमच्या वाचनगटाने ब्रिटिश ध्वनिकवी बॉब कॉबिंगची 'एबीसी इन साउंड' सगळ्यांनी मिळून म्हणायचं ठरवलं, तेव्हा मी 'टी' हे अक्षर मागून घेतलं. १९६५ साली पहिल्यांदा छापलेली ही कविता. इंग्रजीतल्या प्रत्येक मुळाक्षराला तिच्यात एकेक भाग आहे, आणि सगळा भर आवाजावर. एका भागात एक, दोन, तीन हे आकडेच अशा स्पेलिंगांनी लिहिलेत की म्हणताना ते भलतेच शब्द होऊन बाहेर पडतात. 'टी'ची सुरुवात आहे 'तन तंदिनानन तंदिनाने'. गटातल्या बाकीच्यांनी त्याचा धसका घेतला होता. मला मात्र कागद हातात येताच तराण्याचे बोल आठवले.

तरी तो बसवायला बरेच दिवस गेले. कागदावर ना ताल, ना श्वासाची जागा. मुळात रोमन लिपीतला 'टी' त म्हणायचा की ट, हेही तिथे कुठे लिहिलेलं नाही. त म्हटला तर ओळ वाहते, गाण्याकडे झुकते. ट म्हटला तर तीच ओळ सुतारकामासारखी ठोकत जाते. इंग्रज माणसाची जीभ या दोन्हींच्या मधे कुठेतरी टेकते, त्यामुळे आमच्यातला एक ती ओळ म्हणायला लागला की तिसरंच काही ऐकू यायचं. मी घरी दोन्ही तऱ्हांनी घोकत राहिले. शेवटी सुरुवातीला त आणि वेग वाढला की ट, असं ठरवलं. असं ठरवायची मुभा ही कविता देते, हे मला फार आवडलं.

मदत झाली ती नॅशनल पोएट्री लायब्ररीची. रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या पाचव्या मजल्यावर ती आहे, सदस्यत्व फुकट मिळतं, आणि छापील पुस्तकांच्या जोडीला कवींची ध्वनिमुद्रणंही ऐकता येतात. कॉबिंगचा आवाज घोगरा, पोटातून येणारा. तो ऐकल्यावर माझं म्हणणं फारच नाजूक वाटायला लागलं आणि मी घसा मोकळा सोडला.

त्याच खेपांमध्ये त्याच्या पुस्तिका चाळल्या. १९२० साली एनफिल्डमध्ये जन्मलेला हा माणूस आधी शिक्षक होता, साठच्या दशकात चेरिंग क्रॉस रोडवरच्या 'बेटर बुक्स' या दुकानात होता. 'रायटर्स फोरम' या नावाने २००२ मध्ये वारेपर्यंत त्याने हजारावर पुस्तिका काढल्या. कितीतरी सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर काढलेल्या. शाईचा डाग, सरकलेला स्टेन्सिल, पुसट झालेली ओळ हे सगळं त्याच्या लेखी म्हणण्याजोगं होतं. मुंबईतली आपली अनियतकालिकंही त्याच काळात अशीच सायक्लोस्टाइलवर निघत होती, म्हणून त्या पानांचा मला परकेपणा वाटला नाही.

अशा तऱ्हेची प्रयोगशील कविता ब्रिटनमध्ये इतकी कडेला का राहिली, याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. १९७१ ते १९७७ या काळात कवी-समीक्षक एरिक मॉट्रम पोएट्री सोसायटी या संस्थेच्या 'पोएट्री रिव्ह्यू' या नियतकालिकाचा संपादक होता आणि संस्थेत प्रयोगशील कवींचा वरचष्मा होता. अर्ल्स कोर्टच्या इमारतीत तळघरात छपाई चालायची. पुढे अनुदान देणाऱ्या आर्ट्स कौन्सिलशी वाद झाले आणि १९७७ मध्ये ही मंडळी बाहेर पडली. त्यानंतर छोटी प्रकाशनं, दारूच्या गुत्त्यांवरच्या खोल्या आणि टपालाने जाणाऱ्या पुस्तिका यांवरच ही कविता जगली. मोठ्या दुकानांत ती शोधू नका, एवढं मी नव्या वाचकाला नक्की सांगेन.

'टी'नंतर मॅगी ओ'सलिवन ही ब्रिटिश कवयित्री हाती आली. तिनेच संपादित केलेला 'आउट ऑफ एव्हरीव्हेअर' हा ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेतल्या प्रयोगशील कवयित्रींचा संग्रह १९९६ साली आला. तिच्या पानावर मधेच मोठ्या लिपीतले शब्द, मधेच रिकाम्या जागा, दोन शब्द चिकटवून केलेला तिसराच शब्द. आधी मी अशा पानापुढे अडून बसायचे. आता रिकामी जागा दिसली की तेवढा श्वास घेते आणि मोठी अक्षरं आली की आवाज चढवते. अर्थ मागाहून येतो, तुकड्यातुकड्याने येतो, पण येतो. अवघड समजल्या जाणाऱ्या केंब्रिजच्या जे. एच. प्रिन या कवीकडेही माझ्या मते याच वाटेने जावं. समीक्षा आधी वाचणाऱ्यांचा कंटाळा मी जवळून पाहिलाय.

सादरीकरणाच्या दिवशी वेग वाढताना माझा श्वास एकदा तुटला, तेव्हा शेजारच्या आजोबांनी ओळ उचलून पुढे नेली आणि मी दुसऱ्या आवर्तनाला परत शिरले. ऐकणाऱ्यांना ते ठरवूनच केलंय असं वाटलं.

सध्या गटात टॉम रॅवर्थ हा ब्रिटिश कवी चालू आहे. त्याच्या लांब कवितांत एका ओळीत दोन-तीनच शब्द असतात आणि तो स्वतः त्या धापा टाकायला लावेल अशा वेगाने वाचायचा. आजोबांचं म्हणणं, सावकाश वाचल्याशिवाय त्यातलं काही हाती लागत नाही. मला तो वेगच कवितेचा कणा वाटतो. पुढच्या बैठकीत एकच पान दोन्ही तऱ्हांनी वाचायचं ठरलंय.