हेडसेटमधला पेशंट
काल परळला ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी दृश्य दाखवणारा मोठा चष्मा, डोळ्यांवर चढवला. समोर वॉर्ड, बेडवर निपचित पडलेला माणूस. हाताखाली मात्र खराखुरा पुतळा, त्यामुळे हृदय थांबलेल्या पेशंटची छाती दाबताना लागतो तो जोर कळतो: मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल, 30 दाबांमागे 2 श्वास. दोन मिनिटांत खांदे भरून आले.

माझी पहिली नाइट ड्युटी आठवली. पेशंट कोसळला आणि क्रॅश कार्टचा, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ढकलगाडीचा, कुठला ड्रॉवर उघडायचा तेच मला सुचेना. सीनियर सिस्टर धावत आल्या म्हणून निभावलं. आताच्या मुलींची ती घाबरगुंडी इथेच उडतेय, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, याचं फार बरं वाटतं. शीर मात्र बोटांनाच सापडते; तिथे खरा हात हवा. उद्या सकाळच्या बॅचला सलाइन लावायला माझाच हात पुढे करणार आहे.