तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरी भरलेली, तरी कॉइल उपाशी

"नवी बॅटरी टाकली, प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला. तरी गाडी वरच्या आरपीएमला मिसिंग करते, म्हणजे मध्येच ठिणगी चुकून झटके देते. आता काय बदलू?"

मी जुन्या मोटारसायकलींवर काम करतो हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून नीट सांगतो. आता काहीच बदलू नका. आधी मोजा.

प्लगच्या ठिणगीसाठी बॅटरीच्या 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते ती कॉइल. बॅटरीतला करंट तिच्याकडे सरळ जात नाही. बॅटरीतून फ्यूज, तिथून कपलरमधून (वायरी जोडणारा सांधा) पुढे चावीच्या स्विचला, मग हँडलवरच्या किल स्विचला (इंजिन बंद करायचं बटण), आणि टाकीखालून परत मागे येऊन कॉइल. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत या वाटेवरचा प्रत्येक जोड थोडा काळवंडलेला, थोडा सैल झालेला असतो. एकेकाची तूट किरकोळ वाटते, पण कॉइलला सगळ्यांची बेरीज भोगावी लागते.

बहुतेक जण इथे एक चूक करतात आणि मीही ती बरीच वर्षं केली. कॉइलची वायर काढायची, तिला मल्टिमीटर लावायचा, 12.5 दिसलं की वायरिंग ठीक आहे असं धरून चालायचं. पण मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही, आणि करंट वाहत नसेल तर खराब जोडावर व्होल्टेज पडणार कसं? आतून तुटत तुटत एका तारेवर आलेली वायरसुद्धा अशा तपासणीत पास होते. या आकड्यावर विसावून मी एकदा चांगली कॉइल काढून नवी बसवली होती. मिसिंग तसंच राहिलं.

म्हणून एकही वायर न काढता मोजायचं. मीटर 20 व्होल्ट डीसीवर. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा कॉइलच्या प्लस टर्मिनलवर. इंजिन हाताने फिरवून पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) मिटलेले ठेवायचे, चावी चालू, किल स्विच रनवर. आता मीटर जो आकडा दाखवेल, तेवढं व्होल्टेज वाटेत हरवतंय. चावी फार वेळ चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापत राहते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर इंजिन बंद असताना ते बहुतेक वेळा कॉइलचा करंट तोडतं, तेव्हा इंजिन आयडलवर ठेवून मोजा. आकडा थोडा नाचेल, चालेल. आणि ज्या गाडीत सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचाच एक प्रकार) बॅटरीऐवजी थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनवरच्या जनित्रावर चालतं, तिथे ही तपासणी लागूच पडत नाही.

0.2-0.3 आला तर वायरिंग उत्तम. 0.5 च्या वर गेला की शोधायला लागा.

ज्या गाडीची कॉइल मी उगाच बदलली होती, तिच्यात मला 1.9 मिळाला. लाल प्रोब बॅटरीवर तसाच ठेवला आणि काळा एकेक जोड मागे आणत गेलो. किल स्विचमधून बाहेर पडताना 1.8. आत शिरताना 0.8. चावीच्या स्विचपुढे 0.7. फ्यूजपुढे 0.3. म्हणजे एक पूर्ण व्होल्ट त्या छोट्याशा किल स्विचमध्येच जात होता. स्विच उघडला तर पितळी पट्टी कोळशासारखी काळी, आणि वरचं जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालेलं. कॉइल साधारण 3 अँपिअर ओढत होती, म्हणजे तिथला रोध ओहमचा फक्त एक तृतीयांश. ओहमच्या रेंजवर साधा मीटर हे नीट दाखवणारच नाही. पण त्या जागी 3 वॅट उष्णता सतत तयार होत होती, आणि उष्णतेने पितळ आणखी काळं पडत होतं.

दोन व्होल्टने काय होतंय, असं तुम्हाला वाटेल. पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर ठरते. बॅटरीवर 12.4 होते, कॉइलला 10.5 मिळत होते. व्होल्टेज 15 टक्के कमी, ऊर्जा मात्र 28 टक्के कमी. आयडलला ते खपून जातं. वरच्या आरपीएमला पॉइंट मिटलेले राहण्याचा वेळच कमी, कॉइल पूर्ण भरत नाही, आणि मिसिंग तिथेच सुरू होतं.

बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, फ्यूज होल्डरच्या सैल क्लिपा पकडीने हलकेच दाबून घेतल्या, चावीच्या स्विचचा कपलर साफ केला. एकूण तूट 0.4 वर आली आणि गाडी शेवटपर्यंत स्वच्छ ओढू लागली.

अर्थची बाजू, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट, विसरू नका. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर, काळा बॅटरीच्या मायनसवर, करंट वाहताना. इथे 0.2 च्या वर काही नको. फ्रेमला नवा रंग देऊन आणलेल्या गाड्यांत हा दोष मला वारंवार सापडतो, कारण अर्थच्या वायरीची धातूची कडी रंगावरच आवळलेली असते.

रिले, म्हणजे छोट्या करंटने चालणारा मोठ्या करंटचा स्विच, बसवू का, हेही विचारता. जरूर बसवा. बॅटरीतून फ्यूज आणि रिलेमार्गे कॉइलला जाड वायर दिली की जुन्या स्विचांवर फक्त रिले चालवण्यापुरता करंट उरतो, अँपिअरचा छोटासा अंश. पण खराब जोड तसाच ठेवून वर रिले लावणं मला पटत नाही. हेडलाइट त्याच चावीच्या स्विचमधून जातो, आणि तो जोड आतल्या आत तापतच राहतो.

त्या दुरुस्तीनंतर मी सीटखाली एक कागद ठेवला. तारीख आणि पाच जागांचे पाच आकडे. मध्यंतरी पावसात बरीच चालवल्यावर पुन्हा मोजलं, तर किल स्विचमधली तूट 0.1 वरून 0.3 झाली होती. गाडी अजून अजिबात मिस करत नव्हती. मी त्याच संध्याकाळी स्विच उघडला.