आईला कुठला व्हॉल्व्ह बसणार?

आईचा एओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून शरीराकडं रक्त सोडणारी झडप, आवळलाय, बदलावाच लागेल, असं बेळगावात डॉक्टरांनी सांगितलं. खानापुरात घरी पहिली चर्चा अर्थातच पैशाची झाली. मग मामा म्हणाले, "मोठ्यातला मोठा बसवा म्हणावं!" विहिरीवरचा पंप घेतानाही ते हेच म्हणतात.

सर्जननी मात्र आधी आईची उंची आणि वजन विचारलं. १४८ सेंटीमीटर, ४८ किलो. त्यावरून शरीराचं क्षेत्रफळ १.४ चौरस मीटर निघालं. दर चौरस मीटरमागं व्हॉल्व्हची वाट निदान ०.८५ चौरस सेंटीमीटर मोकळी हवी, म्हणजे आईला १.२ च्या आसपास. त्याहून फार कमी पडली तर नवा व्हॉल्व्ह घालूनही हृदयावरचा ताण पुरता उतरत नाही. एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तर व्हॉल्व्ह बसतो ते तिचं कडं जेमतेम १९ मिलिमीटर दिसत होतं. एवढ्या लहान मापात टिश्यू व्हॉल्व्हची चौकटच बरीच जागा खाते; कार्बनच्या दोन पाकळ्यांच्या मेकॅनिकलमध्ये वाट जरा जास्त मिळते.

"टिश्यू म्हणजे कशाचा ओ?" आईनं विचारलं.

"गायीबैलाच्या हृदयावरचं आवरण असतंय, नाहीतर डुकराचा व्हॉल्व्ह."

आई माळकरी. तिनं गळ्यातली माळ चाचपली आणि म्हणाली, "ते नकोच."

माझा हिशेब वेगळा होता. वय ५८. टिश्यू साधारण १०-१५ वर्षं चालतो, म्हणजे सत्तरीत परत छाती उघडायची. मेकॅनिकल टिकतो, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. मला त्या गोळीचीच धास्ती जास्त होती. तरी मेकॅनिकलच ठरला.

नेमकं माप टेबलावरच कळतं. जुना व्हॉल्व्ह कापून, साठलेला चुना खरवडून काढल्यावर सायझर घालून बघतात. आईला २१ नंबर बसला, कडं रुंद करायची वेळ आली नाही. मामा खूश!

आता आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. पालेभाजीनं गोळीचा असर कमी होतो, या भीतीनं आईनं मेथी, शेपू सगळंच सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, भाजी सोडू नका, रोज साधारण तेवढीच खा. गुडघ्याची गोळी किंवा कुणी सांगितलेला काढा मात्र विचारल्याशिवाय नाही. व्हॉल्व्हचं कार्ड तिच्या पिशवीतच असतं. दाताच्या डॉक्टरांना ते आधी दाखवावं लागतं, कारण दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यायचं असतं.