सीट दोन इंच वर

नोव्हेंबर २०२३ मध्ये सोसायटीच्या लिफ्टमध्ये नोटीस लागली: ‘स्टिल्ट पार्किंगमधील बेवारस सायकली ३० तारखेपर्यंत हलवाव्यात, अन्यथा भंगारात देण्यात येतील.’ त्या बेवारशांत आमचीही एक होती. लेकाला आठवीत घेतलेली, बारावीनंतर सहा वर्षं खांबाला टेकून उभी. लेक आता बंगळुरूला. फोनवर म्हणाला, “देऊन टाक गं आई, तीनशे तरी येतील.” भंगारवाल्याने अडीचशे सांगितले.

कुलपाची किल्ली अर्थातच हरवलेली होती. वॉचमनकाका करवत आणायला गेले तेवढ्यात मी हातातल्या फडक्याने उगाच हँडल पुसलं आणि घंटी वाजवून पाहिली. खणखणीत वाजली. टायर जमिनीला चिकटलेले, चेन गंजून काठीसारखी ताठ झालेली, पण घंटी चालू. वाजती घंटी भंगारात घालणं जिवावर आलं. कुलूप कापून झाल्यावर मी सायकल हातगाडीकडे न नेता उलट्या बाजूला, पोखरण रोडच्या मागच्या गल्लीत झाडाखाली बसणाऱ्या सायकलवाल्याकडे नेली.

त्याआधी मी सायकल चालवली होती ती १९९४ साली, सांगलीत. विलिंग्डन कॉलेजात तीन वर्षं रोज विश्रामबागला जाऊन-येऊन. तिथे ‘मी सायकल चालवते’ असं कुणी सांगत नसे, जसं ‘मी चालते’ असं कुणी सांगत नाही. लेडीज सायकल, बिनदांडीची, कॅरिअरच्या क्लिपमध्ये प्रॅक्टिकलचं जर्नल, आणि सांगली-मिरज रस्त्याला चढ म्हणावा असा चढ जवळजवळ नाहीच. १९९६ साली लग्न होऊन ठाण्याला आले, लोकल आणि रिक्षा सुरू झाली. सायकल माहेरी राहिली, मग चुलतबहिणीकडे गेली, पुढे कुठे गेली ते आज कुणालाच सांगता येत नाही.

सायकलवाल्या दादांनी सगळी खोलली. दोन टायर, दोन ट्यूब, चेन, ब्रेकच्या वायरी, ब्रेक रबर, ओव्हरहॉलिंग, मागच्या चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढणं असं मिळून दोन हजार चारशे रुपये झाले. भंगाराच्या भावाच्या जवळजवळ दहापट. घरी हा आकडा मी लगेच सांगितला नाही. दादांनी एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची केली. “ताई, डांबरी रस्त्यावरच फिरवणार ना? मग चिखलातलं खडबडीत टायर कशाला?” म्हणत गुळगुळीत नक्षीचं टायर घातलं. ते किती बरं केलं, हे मला नंतर कळलं. आधी ज्या घरघरीने लेक गल्लीभर ओळखला जायचा ती घरघर गेली आणि सायकल हलकी पळू लागली.

शेवटी त्यांनी मला सीटवर बसवून विचारलं, “पाय टेकतात नीट?” दोन्ही तळवे सपाट टेकेपर्यंत सीट खाली घेतली. मीही खूश, तेही खूश. पुढची सगळी दुखणी इथूनच सुरू झाली.

पहिले आठ-दहा दिवस इमारतीभोवतीच फिरले, पहाटे, मुलं शाळेच्या बसला खाली यायच्या आत. तोल पहिल्याच फेरीत आला. सायकल विसरत नाही म्हणतात ते खरं आहे. पण माझ्या पायांना आठवत होती ती बिनदांडीची सायकल. उतरताना पाय पुढून काढायची सवय, आणि इथे मधे दांडी. तिसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यांसमोर थांबले, पाय पुढून काढायला गेले आणि दांडीला अडकून सायकलसकट आडवी झाले. कोपर खरचटलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला, “सात झाल्या!” त्या वर बसून जपाच्या माळेवर माझ्या फेऱ्या मोजत होत्या. पडणं त्यांनी पाहिलं की नाही ते आजवर विचारलेलं नाही, त्यांनीही काढलेलं नाही. दांडीच्या सायकलीवर चढायचं तर आधी सायकल आपल्याकडे चांगली कलती करायची, मग पाय पलीकडे टाकायचा. उतरतानाही तसंच. एवढी साधी गोष्ट, पण ती वयाच्या पन्नाशीत शिकले.

पंधरा दिवसांत उपवन तलावापर्यंत जायला लागले. आमच्या वसंत विहारहून ते काही लांब नाही. पहाटे तलावाभोवती चालणाऱ्यांची गर्दी असते, त्यांच्यामागे घंटी वाजवत हळूहळू जावं लागतं. आणि मग गुडघा दुखायला लागला. बरोबर वाटीच्या पुढे, जिना उतरताना जास्त. नवरा म्हणाला, “वय झालंय.” ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, “आपलं वय आहे का हे?” शेजारच्या काकूंनी तेलाची बाटलीच आणून दिली. मलाही पटलं. आपल्याकडे चाळिशीनंतर काहीही दुखलं की वयाचं नाव घेतलं की झालं, पुढचा तपास बंद.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून, दाबून पाहिला. सूज नव्हती. मग विचारलं, “सायकलवर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात?”

“हो, दोन्ही. पूर्ण.”

“मग सीट वर करा.”

त्यांनी कागदावर रेघोट्या काढून दाखवलं. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि दर फेरीला वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तरी अर्ध्या तासात १८०० वेळा. बिचारा गुडघा काय करील! सीट किती वर हवी त्याची युक्ती साधी आहे. भिंतीला धरून सीटवर बसायचं, टाच पायडलवर ठेवायची, पायडल पार खाली न्यायचं. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो, तोच बरोबर. सीट फार वर गेली तर गुडघ्याच्या मागच्या बाजूला दुखतं, म्हणजे दुखणं कुठल्या बाजूला आहे यावरूनही कळतं. माझी सीट बरोबर दोन इंच वर गेली. दोन आठवडे सायकल बंद ठेवली, मग हळूहळू सुरू केली. गुडघा पुन्हा दुखला नाही. तेलाची बाटली काकूंना न उघडता परत दिली.

पण दोन इंच वर गेल्यावर पाय टेकेनात. खरी भीती ही होती. सिग्नलला थांबायचं म्हणजे सीटवरून पुढे उतरून, एक पाय पायडलवर ठेवून दुसरा जमिनीवर. हे आठवडाभर इमारतीभोवती घोटलं: थोडं अंतर जायचं, थांबायचं, उतरायचं, पुन्हा बसायचं. सासूबाईंच्या माळेचा हिशेब तेवढ्या दिवसांत पार बिघडला.

गुडघ्यानंतर हात. वीस मिनिटं झाली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. मी मनाशी मानेचं दुखणं पक्कं करून टाकलं होतं, कारण ऑफिसात दोघींना ते आहे. पण गुडघ्याने धडा दिला होता, म्हणून आधी सायकल पाहिली. सीटचं टोक खाली झुकलेलं होतं. त्यामुळे मी सतत पुढे घसरत होते आणि सगळा भार तळव्यांवर येत होता. पाना घेऊन सीट सपाट केली, मनगटं सरळ आणि कोपरं थोडी सैल ठेवायला लागले. चार दिवसांत मुंग्या गेल्या. मान जिथल्या तिथे आहे.

कपड्यांचं फार बोलत नाही. ओढणी घरी ठेवायची, पँटचा उजवा पाय रबरबँडने बांधायचा, हेल्मेट घालायचं, मागे लाल दिवा लावायचा. गादीवाली शॉर्ट्स कुर्त्याच्या आत घातली तर उत्तम. ती आतल्या कपड्यांवर घालायची नसते हे दुकानातल्या मुलीने मला कानात सांगितलं, आणि सांगितलं ते बरंच झालं, कारण शिवणी घासून काय होतं ते मी आधीच भोगलं होतं.

राहिला दम. उपवनला तलावाच्या पुढे येऊरचा रस्ता वर चढतो. सुरुवातीलाच वनखात्याचा नाका आहे, कारण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वर जंगल, पाडे, हवाई दलाचं ठाणं. ठाण्यातले सायकलवाले रविवारी सकाळी तिथे रांगेने चढताना दिसतात. मी आपली खाली चहा पीत त्यांच्याकडे बघत असे. एका रविवारी चहा संपवून निघाले. नाका ओलांडला, पहिल्या चढाला छाती भात्यासारखी हलायला लागली, आणि मी उतरले. परत तोच विचार: संपलं, ही वयाची गोष्ट.

रात्री लेकाला सांगितलं. त्याने विचारलं, “कुठल्या गिअरवर होतीस?”

मला माहीतच नव्हतं. दोन महिने ज्या गिअरवर दादांनी सायकल दिली त्यावरच मी चालवत होते. सांगलीच्या सवयीने मला गिअर म्हणजे मुलांची चैन वाटत होती. मग पार्किंगमध्ये बसून दाते मोजले. पुढे तीन चकत्या: ४२, ३४, २४. मागे सगळ्यात लहान १४, सगळ्यात मोठी २८. मी सतत पुढच्या मोठ्या चकतीवर होते. पुढे २४ आणि मागे २८ ठेवलं तर पायडलची एक अख्खी फेरी मारूनही चाक एक फेरी पुरी करत नाही, सायकल जेमतेम पावणेदोन मीटर पुढे जाते. त्याऐवजी ४२ आणि १४ वर एका फेरीला सहा मीटर. मी चढावर एका फेरीत सहा मीटर रेटायला बघत होते, ट्रकवाला टॉप गिअरमध्ये घाट चढायला निघाला तर काय होईल, तेच माझं झालं होतं.

पुढच्या रविवारी बारीक गिअरचा निर्धार करून गेले. चढ लागला, दम लागला, तेव्हा गिअर बदलला. कडकड आवाज झाला आणि चेन पडली. सांगलीत चेन पडली की ती दात्यांवर खालून अडकवून पायडल उलटं फिरवायचं, झालं. इथे चेन ताणलेली, येईचना. एक कॉलेजचा मुलगा थांबला. “काकू, हे मागचं असं पुढे ढकला.” मागच्या गिअरखालची लोंबती दांडी त्याने पुढे ढकलली, चेन ढिली पडली, लगेच बसली. जाताना म्हणाला, “चढ लागायच्या आधी गिअर टाका, जोर लावताना नाही.” ‘काकू’बद्दल मी त्याला मनातल्या मनात माफ केलं.

तिसऱ्या खेपेला नाक्याच्या आधीच गिअर उतरवला. वेग चालणाऱ्या माणसाच्या जरासा पुढे. खरंच, मॉर्निंग वॉकवाले एक आजोबा बराच वेळ माझ्या बाजूने चालत होते. मी पाय भराभर फिरवत राहिले, जोर न लावता, नाकाने श्वास घेता येईल इतपतच. पुढच्या चाकावरचं सस्पेन्शन दर दणक्याला उंटासारखं वरखाली होत होतं, त्यात थोडी ताकद वाया जाते, पण त्याला इलाज नाही. मधे एकदा थांबले, पाणी प्यायले, कठड्यावरच्या माकडांनी पिशवीकडे पाहिलं म्हणून लगेच निघाले. आणि मग रस्ता सपाट झाला. पुढे गाव. कोंबडे, चुलीचा धूर, एका दारात दात घासणारी मुलगी. मी नुसती उभी राहिले.

उतरताना मात्र हात दुखेपर्यंत ब्रेक धरले. लहानपणी बाबांनी बजावलं होतं, पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील. म्हणून मी नुसता मागचा दाबत होते आणि सायकल मागून घसरायला बघत होती. ब्रेक लागला की भार पुढे येतो, त्यामुळे मागच्या चाकाची पकड सुटते. थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही एकदम, हळूहळू दाबायचे, अंग मागे ठेवायचं, आणि वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. बाबांचं चुकलं असं म्हणवत नाही. नऊ वर्षांच्या पोरीने नुसता पुढचा करकचून दाबला असता तर ती पडलीच असती.

आता महिन्यातून तीनेकदा येऊर होतं. घोडबंदर रोडला मी सायकल नेत नाही. मेट्रोचं काम, कंटेनर, आणि मला शौर्य मिरवायची हौस नाही. पावसात रस्ता शेवाळतो तेव्हा उपवनलाच फेऱ्या मारते. लेकाने नवी हलकी सायकल घेऊन देतो म्हणून दोनदा सांगितलं. बघू.

यंदा नोटीस वेगळी लागली: चालू सायकलींना महिना ५० रुपये पार्किंग. मी वर्षाचे सहाशे एकदम भरायला गेले. सेक्रेटरींनी जुनी यादी बघून पावती फाडली, तीवर लेकाचं नाव. मी ती परत केली आणि माझ्या नावाने दुसरी करून घेतली.