अव्यंगाचा रकाना

खानदेशातल्या एका जिल्हा परिषदेत, समाजकल्याण विभागात मी बसतो. माझ्या टेबलाला सगळे ‘अपंगचं टेबल’ म्हणतात. 2016 चा दिव्यांग हक्कांचा कायदा आला, अपंगत्वाचे प्रकार 7 चे 21 झाले, शासनाच्या कागदावर ‘दिव्यांग’ शब्द आला. टेबलाचं नाव मात्र तेच राहिलं. फेब्रुवारी 2020 मधली ही गोष्ट. तारीख विसरलो, पण वार सोमवार होता, कारण बारनिशीतून, म्हणजे टपाल नोंदवतात त्या टेबलावरून, शनिवार-रविवारचा गठ्ठा नुकताच माझ्याकडे आला होता.

नवरा-बायको आणि नवऱ्याची आई असे तिघे आले. मुलाचा उजवा हात मनगटाच्या वरून गेलेला. वयाच्या चौदाव्या वर्षी कडबाकुट्टीत सापडला, असं त्यानेच सांगितलं. दाखला 65 टक्क्यांचा. मुलगी जन्मापासून कर्णबधिर. निवासी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, शिवणकाम येणारी. लग्नाला चार महिने झालेले. पिशवीतून त्याने डाव्या हाताने फाइल काढली, तिने ती उघडून माझ्यासमोर सरळ करून ठेवली. दोघांचं ते इतकं सवयीचं होतं की मी आधी कागदांऐवजी त्यांच्या हातांकडेच बघत राहिलो.

प्रस्ताव विवाह प्रोत्साहन योजनेचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 2014 च्या शासन निर्णयानुसार दिव्यांग आणि अव्यंग व्यक्तीच्या लग्नाला 50,000 रुपये मिळायचे. त्यात 25,000 चं बचत प्रमाणपत्र, 20,000 रोख, 4,500 संसारोपयोगी वस्तूंसाठी आणि 500 स्वागत समारंभासाठी. अपंगत्व किमान 40 टक्के हवं. एक जण दिव्यांग आणि दुसरा अव्यंग, ही तेव्हा योजनेची मूळ अटच होती.

अर्जात दोन रकाने होते. ‘दिव्यांग व्यक्तीची माहिती’मध्ये मुलाचं नाव. ‘अव्यंग व्यक्तीची माहिती’मध्ये मुलीचं. आणि मागे दोघांचेही अपंगत्वाचे दाखले जोडलेले. गावातल्या सेतूवाल्याने रकाना रिकामा राहू नये म्हणून भरून टाकलं होतं.

मी मुलाला समजावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मुलगी माझ्या ओठांकडे बघत होती, पण तिला कळलं नसावं. तिने अर्ज स्वतःकडे ओढला आणि वाचायला लागली. सगळा वाचला, घाई न करता. मग ‘अव्यंग’ या शब्दावर बोट ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलं. शाळेत हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. शिकवणार तरी कशाला?

तो खुणा करायला लागला. चार महिन्यांत जेवढ्या शिकला होता तेवढ्या. स्वतःचा तुटका हात दाखवला, मान हलवली. तिच्या कानाला हात लावला, मान हलवली. तिला कळेना. शेवटी त्याने आजूबाजूला बघितलं आणि माझ्याकडे बोट केलं.

अकरा वर्षं या टेबलावर आहे. दाखले, टक्केवारी, त्रुटी, सगळं हाताखालून गेलं. पण मी स्वतः त्या अर्जातल्या एका रकान्यात बसतो, हे मला त्या बोटाने पहिल्यांदा दाखवलं.

तेवढ्यात शेजारी आपल्या कामासाठी थांबलेला एक जण पुढे सरकला. असे लोक आमच्याकडे रोज असतात. मुलाला हळूच म्हणाला, “पोरीचा दाखला काढून टाक ना यातून. ऐकू येत नाही हे काय फोटोत दिसतं?” खरं होतं. फोटोत दिसत नव्हतं. दाखला काढला असता तर प्रस्ताव पुढे गेला असता. पण मग ती कागदोपत्री अव्यंग झाली असती. एसटीतली 75 टक्के सवलत, दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र, पुढे संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, यातलं काही मागायला ती परत याच इमारतीत आली असती, तेव्हा हाच अर्ज तिच्यासमोर ठेवला गेला असता. मी तोंड उघडायच्या आत मुलाने तिला तेही खुणेने सांगितलं. दाखल्याकडे बोट, मग कागद बाजूला सारल्याची खूण.

तिने माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि अव्यंगाच्या रकान्यातलं स्वतःचं नाव खोडलं. एक सरळ रेघ, शाळेत शिकवतात तशी.

मुलाची आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “पोरगी गुणनी शे, भाऊ. आमनं काय चुकनं?”

काय उत्तर देणार? शेजारच्या टेबलावर आंतरजातीय विवाहाची योजना चालायची, तिथेही 50,000 मिळायचे. मी विचारलं, जात एकच का? एकच. तोही रस्ता बंद.

ज्यांनी ही योजना आणली त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मनापासून सांगतो. दिव्यांग मुलींची लग्नं होत नव्हती, अजूनही सहज होत नाहीत. पण मुळात पैसा कोणाला दिला जात होता? ‘हिला सांभाळायला तयार झालास, हे घे’ असं धडधाकट माणसाला सांगितलं जात होतं. त्याच्या आदल्या वर्षी एक जावई माझ्याकडे येऊन बचत प्रमाणपत्र मुदतीआधी मोडता येतं का, हे विचारून गेला होता. बायको तेव्हा माहेरी होती, सहा महिन्यांपासून. आई-बापांना एकच घोर असतो, आमच्या माघारी हिचं कोण. त्या प्रश्नाला शासनाजवळ सांभाळाची व्यवस्था नाही, म्हणून लग्न लावून मोकळं व्हायचं. घरचे तेच करतात आणि आम्हीही तेच करत होतो. दोन दिव्यांग माणसांनी लग्न केलं की हा हिशेब जमत नव्हता, कारण त्यात उपकार करणारा कोणीच नसतो.

या जोडप्याला तर आधार जास्त लागणार होता. उद्या ती बाळंतपणाला गेली तर डॉक्टर बोलतील ते तिला कोण सांगणार? रात्री बाळ रडलं तर उठवायला नवरा आहे, पण त्याला एका हाताने बाळ उचलायचं आहे. 2016 च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये लिहिलंय की सामाजिक सुरक्षेची मदत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त असावी. संजय गांधी योजनेत तेव्हा मूल नसलेल्या विधवेला महिन्याला 1,000 आणि दिव्यांगालाही 1,000 मिळायचे. हे आकडे मी रोज लिहायचो. शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

मी टिपणी लिहिली. दोन्ही व्यक्ती दिव्यांग असल्याने प्रकरणी मार्गदर्शन व्हावे, अशी. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, “काय येणार ते तुम्हाला माहितीये.” माहीत होतंच. दीड महिन्याने एका ओळीचं पत्र आलं: शासन निर्णयातील तरतुदीनुसार कार्यवाही करावी.

त्या दिवशी मात्र मी त्यांना रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. ग्रामसेवकाला तिथूनच फोन लावला. शिलाई मशीनचा अर्ज मी बोललो आणि मुलीने स्वतःच्या हाताने लिहिला; म्हणजे मी मुलाला सांगायचो, तो हवेत अक्षर काढून दाखवायचा, ती लिहायची. एक पान लिहायला पाऊण तास लागला. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. अक्षर सुंदर होतं, ‘शिलाई’ची वेलांटी तिने एकदा खोडून नीट केली.

पत्र आल्यावर प्रस्ताव त्यांना परत पाठवायचा होता. जोडलेली कागदपत्रं मोजून पाकिटात घालायची असतात. दोन दाखले, आधारच्या झेरॉक्स, ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला, दोघांचा एकत्र फोटो. अर्जाची मूळ प्रत दप्तरी ठेवतात. ती अजून माझ्या कपाटात त्या वर्षाच्या नस्तीत आहे, डावीकडचा रकाना भरलेला आणि उजवीकडे एक रेघ.