गायडन्स टाकलं होतंस का?

दादा पुण्याला गेला आणि कॉलेज रोडवरचा आमचा रविवारचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फासे टाकून खेळायचा कथेचा खेळ) अड्डा मोडला. सकाळी मिसळ, मग अंधार पडेपर्यंत फासे. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियमांचा पंच, कायम दादाच, माझा मावसभाऊ. तो नसताना आम्ही तिघं नियमांवरून नुसते भांडायचो.

म्हणून मी 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम घेतला. २०२३ चा हा गेम बेतलाय डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीवरच, पण खेळणाऱ्याचे लाड फार. हीलिंग पोशन (जखम भरणारं औषध) प्यायला बोनस ॲक्शन, म्हणजे टर्नमधली छोटी जादा कृती, पुरते. आमच्या २०१४ च्या पुस्तकात त्यात अख्खी ॲक्शन, म्हणजे टर्नची मुख्य कृती, जाते. बाटली लांबून फेकली तरी जखम भरते! एकाच टर्नमध्ये बोनस ॲक्शनने हीलिंग वर्ड हा जखम भरणारा स्पेल (मंत्र) आणि वर गायडिंग बोल्ट हा हल्ल्याचा स्पेलही. टेबलावर दादाने हात धरला असता.

मग वही काढली आणि पुस्तकातले नियम स्वतःवर लादले. पोशनला ॲक्शन. फेकाफेकी बंद. बोनस ॲक्शनचा स्पेल टाकला तर त्या टर्नला जोडीला फक्त कँट्रिप, म्हणजे कितीही वेळा टाकता येणारा साधा स्पेल. सलग वाईट फासे पडू नयेत म्हणून सेटिंगमध्ये 'कार्मिक डाइस' असतं, ते बंद. हरलो म्हणून जुनी सेव्ह लोड करायची नाही. उंचावरून मारल्यावर फाश्यात मिळणारे फुकटचे दोन मात्र हाताने काढता येईनात, ते सोडून दिले.

खरी पंचाईत लाँग रेस्टची, म्हणजे स्पेल परत मिळवून देणाऱ्या झोपेची. पुस्तकात चोवीस तासांत एकदाच, आणि गेममध्ये शिधा असेल तर कधीही झोपा. शेवटी खरं कॅलेंडर धरलं: आज झोपलो की उद्यापर्यंत नाही. आई म्हणाली, "गेममध्ये तरी वेळेवर झोपतोस."

दोन आठवडे बरे गेले. मग नदीकाठच्या हार्पी, पंख असलेल्या राक्षसिणी. गाणं म्हणून पोराला पाण्याकडे ओढत होत्या. त्या दिवशीची झोप आधीच वापरलेली, माझ्या टोळीतल्या शॅडोहार्टचे स्पेल संपलेले, आणि दुसरी साथीदार लेझेल पार पलीकडच्या खडकावर पडली. पोशन होतं. फेकायची बोटं शिवशिवत होती. फेकलं नाही. तीन डेथ सेव्ह (जगण्यासाठी टाकायचे फासे) हुकले आणि लेझेल मेली. पुढच्याच टर्नला शेवटची हार्पी पडली, पोरगं वाचलं.

पिशवीत रिव्हिव्हिफायचा, म्हणजे मेलेल्याला जिवंत करणाऱ्या स्पेलचा, स्क्रोल (एकदाच वापरायची गुंडाळी) होता. गेममध्ये तो कुणीही वाचतो. पुस्तकात तो स्पेल तुमच्या क्लासच्या यादीत लागतो, आणि तुमच्या लेव्हलला झेपणारा नसेल तर फासा टाकून १० अधिक स्पेलची लेव्हल गाठावी लागते. शॅडोहार्ट क्लेरिक (पुजारीण) होती, तो तिच्या यादीतला, पण ती तिसऱ्या लेव्हलची, आणि तिला फक्त दुसऱ्या लेव्हलपर्यंतचे स्पेल झेपतात; हा स्पेल तिसऱ्या लेव्हलचा. म्हणजे १३. विस्डमचे तीन धरून फाश्यावर दहा हवे. कपाटातला जुना वीस बाजूंचा फासा काढला, जेवणाच्या टेबलावर टाकला. नऊ.

नियमाप्रमाणे स्क्रोलही गेला, म्हणून तो तिथेच जमिनीवर टाकला. कँपमधला सांगाडा दोनशे मोहरांत मेलेल्याला उठवतो, पण त्याला वहीत पहिल्याच दिवशी बंदी घातली होती. रात्री अकराला दादाला फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वाचायच्या आधी गायडन्स टाकलं होतंस का?"

"नाही."

"येत होतं ना तिला?"

"येत होतं."

"अरे, एकाने गेली ना ती. गायडन्सने बेरजेत चार बाजूंचा डी-फोर मिळतो, तो कमीत कमी एक देतोच."