पडद्यावर दोन तळ

सकाळी साडेनऊच्या सुमारास, होडीतल्या खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तळाच्या दोन रेघा दिसायला लागल्या. वरची ७.४० मीटरवर, खालची ८.९० वर. मधे दीड मीटर जाडीचं काहीतरी होतं आणि ते पाण्यात धरायचं की गाळात, हे ठरवणं माझं काम होतं.

नाशिक जिल्ह्यातल्या एका मध्यम धरणाची साठवण क्षमता आम्ही नव्यानं मोजत होतो. अहवाल अजून मंजूर व्हायचा आहे, म्हणून धरणाचं नाव लिहीत नाही. याआधी मी अरबी समुद्रातल्या संशोधन मोहिमांवर तळमापनाचंच काम केलं. नाशिकला परतल्यापासून ओळखीचे लोक विचारतात, समुद्र सोडून धरणात काय मोजतेस? यंत्रं तीच आहेत. पण भर समुद्रात तळ दहा सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला तर कुणाचं काही बिघडत नाही. इथं एका चौरस किलोमीटरवर दहा सेंटिमीटर म्हणजे दहा कोटी लिटर. गंगापूर धरणाची मूळ क्षमता ७,२०० दलघफू (दशलक्ष घनफूट), आज ते ५,६३० दलघफूचं धरलं जातं. वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावरून नाशिक आणि मराठवाडा कोर्टापर्यंत गेले. त्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी, कधीतरी कुणीतरी होडीत बसून मोजलेली खोली असते.

आमच्या या यंत्राला, इको साउंडरला, खोली कळत नाही, वेळ कळतो. आवाज तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते तो मोजतो. त्याची खोली करायला पाण्यातला आवाजाचा वेग लागतो आणि तो तापमानाप्रमाणे बदलतो. गोड्या पाण्यात २० अंशांना सेकंदाला १,४८२ मीटर, ३० अंशांना १,५०९. समुद्रात यासाठी जहाज थांबवून सीटीडी हे मोजणीचं उपकरण तळाकडे सोडतात, प्रत्येक थराचं तापमान आणि क्षारता घेतात, मगच आकडा भरतात. धरणांवर मात्र यंत्रात आधीपासून असलेला १,५०० तसाच ठेवून कामाला लागणारे मी पाहिलेत. पाणी २० अंशांचं असेल, तर वीस मीटर खोलीला जवळजवळ पाव मीटरचा फरक पडतो. मला याची मनापासून चीड येते, कारण बार चेकला अर्धा तासही लागत नाही. लोखंडी पट्टी साखळीनं ट्रान्सड्यूसरखाली, म्हणजे यंत्राच्या आवाज सोडणाऱ्या भागाखाली, दोन, चार, सहा मीटरवर धरायची आणि यंत्र तेवढंच दाखवतं का ते बघायचं. आम्ही तो रोज कामाआधी आणि कामानंतर करत होतो. त्यामुळे दोन रेघा दिसल्या तेव्हा यंत्राकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

आमचा साउंडर दोन वारंवारितांचा होता. २०० किलोहर्ट्झचा आवाज मऊ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परततो. ३३ चा आत शिरतो आणि घट्ट जमीन लागली की फिरतो. एरवी दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून धावतात. इथं एक ओहोळ धरणात उतरतो आणि त्याच्या तोंडाशी रेघा फाकल्या होत्या.

डेटा बघणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, सॉफ्टवेअर पहिला परतावाच, म्हणजे वरची रेघच घेतं. तोच घेऊ, लाइन बंद करू.” मुलगा हुशार आहे, राबतो. पण या मुलांना कुणी पडद्याबाहेर बघायला शिकवलेलंच नाही.

होडी चालवणारे बाबा गावच्या मच्छीमार सोसायटीतले. त्यांनी इंजिन बंद केलं आणि जाळ्याची शिसं बांधलेली दोरी सोडली. “टेकली,” म्हणाले. दोरी आठ मीटरच्या थोडी पुढं होती. मग हलकेच उचलून पुन्हा सोडली, तर आणखी हातभर खाली गेली. “ताई, औंदा डोंगराकडून लई माती आली. अजून बसली नाही ती. इथं आम्ही जाळं टाकत नाही, वर ओढताना जड होतं.”

समुद्रावरच्या दिवसांतली एक जुनी निस्किन बाटली माझ्याकडे आहे, हव्या त्या खोलीवरचं पाणी वर आणायची. दोन्ही तोंडं उघडी ठेवून खाली सोडायची, दोरीवरून पितळी वजन सरकवायचं, की झाकणं मिटतात. ती आठ मीटरवर मिटवली. वर आलं ते पातळ पिठल्यासारखं. काठावर, चहाच्या टपरीतल्या काट्यावर मोजून एक लिटर तोललं तर १,११० ग्रॅम भरलं. म्हणजे त्यात माती सुमारे पावणेदोनशे ग्रॅम. आकारमानानं बघितलं तर शंभर भागांत सातही नाहीत. बाकी सगळं पाणी.

बंदरांनी हा प्रश्न सोडवलेला आहे. रॉटरडॅममध्ये चिखलाची घनता लिटरला १.२ किलो होते तिथं जहाजांसाठी तळ धरतात. त्याहून पातळ चिखलातून जहाज जाऊ शकतं. धरणात जहाजं नसतात, म्हणून तो नियम इथं उचलून लावता येत नाही. दिवसभरात हा थर अर्ध्या चौरस किलोमीटरवर सापडला, सरासरी एक मीटर जाड. पाच लाख घनमीटर, म्हणजे साडेसतरा दलघफूच्या वर. माणशी रोज १३५ लिटर या शहरी निकषानं एक लाख वस्तीचं पाच आठवड्यांचं पाणी.

तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी नेमका प्रश्न विचारला: “हे पाणी मे महिन्यात आम्हाला देता येईल का?” नाही येणार. पातळी उतरेल तसा हा चिखल उघडा पडेल आणि उन्हात वाळेल. “मग गाळातच धरा.” पाणीवाटपाच्या तक्त्यासाठी त्यांचं बरोबर आहे, जे देता येत नाही ते कागदावर दाखवू नये. पण त्याच आकड्यावरून वर्षाला किती गाळ येतो तेही काढतात, पुढच्या पन्नास वर्षांचं भाकीत करतात, गाळ काढण्याचं घनमीटरचं अंदाजपत्रक बांधतात. तिथं हा थर पूर्ण गाळ म्हणून गेला, तर जी माती दाबून बसल्यावर थोडीशी उरणार ती कितीतरी पट दिसेल. एका रकान्यातून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं मागितली जातात आणि विहित नमुन्यात रकाना एकच आहे. मी वाटपाचा तक्ता वरच्या रेघेवर केला, गाळाचा हिशेब घनता लावून वेगळा जोडला.

तरी एक गाठ सुटत नाही. मागच्या सर्वेक्षणाचे कागद पुन्हा पुन्हा चाळले. कोणती वारंवारिता वापरली, आवाजाचा वेग किती धरला, पावसाळा संपून किती दिवसांनी मोजलं, कुठंच लिहिलेलं नाही. तेव्हाची रेघ खालची असेल आणि आताची वरची, तर मधल्या वर्षांचा म्हणून जो गाळ आपण छापणार, त्यातला काही भाग नुसता यंत्रांतला फरक असेल. किती, ते आता कुणालाच काढता येणार नाही. आमच्या अहवालात या तिन्ही गोष्टी पहिल्या पानावर टाकल्या आहेत, आणि अंतिम प्रतीतून ते पान काढू नये, असं वेगळं पत्रही दिलं आहे.